ओटीतला कागद

१

ओटीत नारळ होता, खण होता, तांदूळ, हळकुंड, सुपारी, सगळं जागच्या जागी होतं. नव्हता तो एक कागद, आणि त्या कागदावर नऊ माणसांचे जीव टांगलेले होते.

हरिबा पवारला हे कळलं ते गुऱ्हाळावर. १९४४ सालचा जानेवारी सरत आला होता. सातारा जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, कृष्णाकाठच्या उसात लालासाहेबांचं गुऱ्हाळ चालू होतं आणि गुऱ्हाळाच्या आडोशाने त्यांचं राज्यही. इंग्रज सरकार त्यांना फरारी म्हणे, आसपासच्या चाळीस गावांतली माणसं साहेब म्हणत. गावकीचे तंटे ते तोडत, खंडणीखोरांना धाक घालत, आणि फितुराच्या तळपायांवर अशा काठ्या ओढत की तो माणूस पुन्हा सरळ चालत नसे.

हरिबा बासष्ट वर्षांचा. कोर्टात तीस वर्षं बेलिफ होता. लोकांच्या घरात जप्ती घेऊन जायचं, रडणाऱ्या बायकांसमोर हंडे-कळशा मोजायच्या, असलं ते काम. माणूस काय लपवतं आणि कुठं लपवतं, एवढं एकच शास्त्र त्याला येत होतं आणि त्याची त्याला लाज वाटे. नोकरी सुटल्यावर ती लाज फेडावी म्हणून तो लालासाहेबांच्या पंचांत बसू लागला होता.

"बसा नाना," लालासाहेब म्हणाले. खादीचा कोट, मिशीला पीळ, पण डोळ्यांखाली काळं धरलेलं. "घरातलीच गोष्ट हाय, पर मानसं म्हंत्यात रीतसर चौकशी व्हावी. म्हनून तुमास्नी बोलावलं."

नदीपलीकडे तुंगवडी नावाचं चिमुकलं संस्थान होतं. तिथल्या दिवाणाच्या परवानगीवाचून इंग्रजांच्या पोलिसांना हद्दीत पाय टाकता येत नव्हता. लालासाहेबांची नऊ माणसं तिथल्या डोंगरात लपली होती. दिवाण धन्यकुमार होळीपर्यंत त्यांना हात लावणार नव्हता, आणि त्या बदल्यात लालासाहेबांची माणसं संस्थानच्या खजिन्याकडे वळणार नव्हती. त्या तहाचा कागद दिवाणाच्या सहीने येणार होता. सही हातात असली म्हणजे दिवाण उद्या उलटला तरी उलटून जाणार कुठं?

जगात महायुद्ध पेटलं होतं आणि मोठमोठे मुत्सद्दी मेजांभोवती बसून तह करत होते म्हणे. इथं मेज नव्हतं, पाट होते. फरारी माणूस दिवाणाच्या दारात जाऊ शकत नव्हता आणि दिवाण गुऱ्हाळावर येऊ शकत नव्हता, म्हणून दोघांच्या लेकी भेटत. लालासाहेबांची राहीबाई आणि दिवाणाची गुणमाला. कधी संक्रांतीचं हळदीकुंकू, कधी चैत्रातलं, कधी नुसतंच शुक्रवारचं. दर खेपेला गुणमाला राहीबाईची ओटी भरायची, आणि खणाच्या घडीत कागद असायचा. नाक्यावरचा शिपाई बैलांच्या वैरणीतही हात घालायचा, पण सवाष्णीच्या ओटीला हात लावायची छाती कोणाचीच नव्हती.

आणि त्या दोघी नुसत्या टपालवाल्या होत्या असं कोणी समजू नये. दिवाण मुळात पाचच माणसांना आसरा द्यायला तयार होता. नवाचा आकडा या पोरींनी तिळगूळ वळता वळता ठरवला आणि आपापल्या बापाच्या गळी उतरवला. बापांना वाटलं, आपणच मुत्सद्दी.

"काल दुपारी राही परत आली," लालासाहेब म्हणाले. "म्या खण उलगडला. कागद न्हाई."

"ओटी कुणाकुणाच्या हातात हुती?"

उत्तर दिलं अर्जुनाने. तो लालासाहेबांचा उजवा हात, पंचविशीतला, तापट. त्याने खांबाकडे बोट केलं. "ह्येच्या! ताई नदीच्या उतारावर पाय धुवायला उतरल्या. तवा गाडीत वटी आन ह्यो, दोघंच. ह्येनंच कागद पोलिसांस्नी इकला."

खांबाला धुळा गाडीवान बांधलेला होता. चाळिशीचा धनगर. त्याने मान वर केली नाही.

"शेवटची काहील उतरली की काठ्या," अर्जुना म्हणाला. "मानसं जमनार हायती."

उसाचा रस आटवायची शेवटची काहील दिवस मावळताना चुलवणावरून उतरते. हरिबाने सूर्याकडे पाहिलं. अजून सकाळ होती.

२

हरिबाने सगळ्यात आधी खण मागवला. खणाची त्रिकोणी घडी होती, पोटात टोक खोचलेली, बायकाच घालतात तशी.

"लालासाहेब, तुमी उलगडलात तवा घडी अशीच हुती?"

"व्हय. तशीच ठेवलीया परत."

हरिबा धुळाजवळ गेला आणि त्याने त्याचे बांधलेले हात पाहिले. उजव्या हाताची दोन बोटं मुळापासून गेलेली. तीन वर्षांमागं याच गुऱ्हाळाच्या चरकात गेली होती ती, लालासाहेबांचा ऊस घालताना.

"अर्जुना, ह्या हातानं ही घडी घालून दाखव म्हनावं त्येला."

"न्हाई जमली आसंल तर डाव्यानं घातली आसंल," अर्जुना गुरगुरला.

"म्या तीस वर्सं जप्त्या केल्या, बाळ. चोर काय उचलतो ते उचलतो आन बाकीचं इस्कटून जातो. घरच्याच मानसाला वस्तू परत नीट ठेवायची सवय आसती."

लालासाहेबांनी कोटाच्या आतल्या खिशावर हात ठेवला आणि काढून घेतला. हरिबाने ते पाहिलं. बेलिफाचा डोळा, दुसरं काय.

राहीबाई चुलवणाच्या पलीकडे, छपराच्या दाराशी बसली होती. तेविसाव्या वर्षाची, अंगाने बारीक, कपाळावर कुंकू, हातात हिरव्या बांगड्या. तिचा नवरा सयाजी पलटणीत. सासऱ्याने इंग्रजांशी उभा दावा मांडलेला आणि जावई इंग्रजांसाठी इटलीत लढतोय, याची गावात चेष्टा व्हायची. पण पोटासाठी पलटण धरली नाही असं घर तरी त्या भागात कुठलं होतं? सयाजीला आईबाप नव्हते, भाऊ नव्हता. एकुलता एक चुलता विट्याचा, तो सोनं आटवायच्या धंद्यात कलकत्त्याला गेला तो गेलाच. म्हणून राहीबाई माहेरीच असायची.

"राही, तू काय सांगतीस?"

"धुळानं न्हाई घेतला, नाना. काल बी हेच सांगितलं म्या. आबांनी ऐकलं न्हाई."

"मग कुनी घेतला?"

तिने बापाकडे पाहिलं. लेक बापाकडे पाहते तसं ते पाहणं नव्हतं. उलटतपासणीत वकील साक्षीदाराकडे पाहतो, तसं होतं.

"तुमी हुडका नाना," ती म्हणाली. "म्या सांगितलं तर ती बाईमानसाची तकरार हुईल. तुमी सांगितलं तर निवाडा."

३

हरिबाने धुळाला सोडायला लावलं. "मला तुंगवडीला जायाचंय आन गाडी ह्योच हाकंल. पळाला तर त्येच्या जागी माझे पाय." अर्जुना कुरकुरला, पण लालासाहेबांनी हात हलवला. म्हातारं जाऊन काय करणार, असा तो हात होता.

गाडी नदीच्या उतारावर आली तेव्हा हरिबा खाली उतरला.

"कालचं सगळं सांग. एक बी सोडू नगंस."

"काय सांगू जी," धुळा म्हणाला. "तुंगवडीहून झुंजुमुंजू झालं तवा निगालो. हितं आलो तवा ऊन नुकतं वर आलं हुतं. ताईसाब म्हनल्या, थांब. म्या बैलं सोडून पान्यावर नेली. बाईमानूस नदीत उतरलं की आपुन तोंड फिरवावं, म्हनून म्या तिकडं त्वांड करून हुबा."

"वटी गाडीतच?"

"गाडीतच, दुरडीत घातल्याली. पर ताईसाबांच्या मुठीत कायतरी हुतं."

"कागद?"

"न्हाई जी. मूठ झाकल्याली."

"मग पाय धुतले का तिनं?"

धुळा घुटमळला. "बैल वडाया लागला म्हनून एकदा मान वळली माझी. पाय न्हवत्या धूत. गुडघाभर पान्यात नीट हुब्या हुत्या. वंजळीतनं पानी सोडत हुत्या, आंगठ्याकडनं. ऊन त्येंच्या डाव्या गालावर पडलं हुतं. रडत न्हवत्या. त्येच मला कसंतरी वाटलं."

हरिबाने उतारावरचे धुण्याचे दगड पाहिले. एका दगडाच्या कपारीत, ओल्या शेवाळाला चिकटलेले चार-पाच दाणे होते. त्याने नखाने एक उचलला. काळा तीळ.

ऊन डाव्या गालावर. सकाळी. त्याने स्वतः पाण्याकडे तोंड करून उभं राहून पाहिलं आणि नखावरचा तीळ जपून पाण्यात सोडला.

"धुळा, हे तू कालच का न्हाई सांगितलंस?"

"ताईसाबांची गोष्ट," धुळा म्हणाला. "चारचौघांत कशी सांगू?"

त्याच्या पायांवर काठ्या पडणार होत्या आणि हा माणूस बाईमाणसाची अब्रू सांभाळत होता. हरिबाला त्याचा राग आला, मग स्वतःचा आला.

४

गुणमाला पाचगणीच्या बोर्डिंगात शिकलेली, पण घरात नऊवारीतच असायची. दिवाणांच्या वाड्यातल्या दप्तराला लागूनच तिची खोली होती, मधे एक दार. दिवाण सांगलीला गेले होते. तिने हरिबाला स्वतः गाळलेलं पाणी दिलं आणि समोर बसली.

"कागद ओटीत घातलात ना, ताई?"

"माझ्या हातांनी. खणाच्या घडीत."

"वटी भरताना काय येगळं घडलं?"

उत्तर गुणमालाकडे तयार होतं. ते द्यायचं की नाही, हे ती ठरवत होती.

"दोन वर्षं मी राहीची ओटी भरते," ती म्हणाली. "दर वेळी ती पदर पसरते. परवा तिनं पदर पसरलाच नाही. दुरडीत घाल म्हणाली. ओटी दुरडीत कोणी घेतं का, नाना?"

"न्हाई घेत."

"काल पहाटे निघताना तिनं मूठभर तीळ मागितले. मी तिळगुळाचे पांढरे तीळ पुढं केले. ते तिनं बाजूला सारले. काळे दे, म्हणाली."

"आन तुमी दिलेत?"

"दिले. विचारलं नाही."

"इचारायची गरजच न्हवती, असं म्हना."

गुणमालाने खाली पाहिलं. बाहेर दप्तरातला कारकून कोणावर तरी मोठ्याने ओरडत होता.

"माझं लग्न होऊन दोन वर्षं झाली," ती एकदम म्हणाली. "मिस्टर बेळगावला असतात. अण्णा मला नांदायला पाठवत नाहीत. मी गेले तर इथं हळदीकुंकू कोण करणार? हळदीकुंकू नाही तर राही येणार नाही, राही आली नाही तर लालासाहेबांशी बोलणी बंद. सासरची चार पत्रं आली. अण्णा म्हणतात, युद्ध संपू दे. जर्मनी हरल्याशिवाय माझा संसार सुरू होत नाही, नाना. गंमत आहे की नाही?"

हरिबाला गंमत वाटली नाही. त्याने विचारलं, "सयाजीचं गाव तुमच्या संस्थानात. त्येच्या पलटणीचं सरकारी टपाल कुठं येतं?"

गुणमालाने मधल्या दाराकडे पाहिलं. दार बंद होतं, पण त्याच्या फळ्या पातळ होत्या.

"आन एक इचारतो. मागल्या खेपंला, डिसेंबरात, राहीच्या वटीत काय घातलंत?"

"बंद पाकीट. अण्णांनी दिलेलं." तिने गळ्यातल्या मंगळसूत्राला हात लावला. "देवाशपथ सांगते, आत काय होतं ते मला तेव्हा माहीत नव्हतं. परवा दप्तरातली नोंद वाचली, तेव्हा कळलं."

"आन परवाच तिला सांगितलंत."

हरिबा उठला. सूर्य कलला होता आणि परतीचे चार कोस बाकी होते.

५

गुऱ्हाळाच्या वाटेवर, उसाच्या कडेला लालासाहेब एकटेच उभे होते. त्यांनी धुळाला पुढं पाठवलं.

"काय निगालं, नाना?"

"तुमास्नी म्हाईत हाय काय निगालं."

लालासाहेबांनी उसाचं एक पान ओढलं आणि बोटांनी उभं फाडत राहिले. "काल रातच्याला जेवताना ती म्हनली, आबा, माझा एक कागद तुमच्याकडं हाय. त्यो द्या, मग तुमचा घावंल. म्या वाढ म्हनलं. आमटी वाढ."

"आन सकाळी धुळाला खांबाला बांधला."

"अर्जुनानं बांधला."

"तुमी सोडला न्हाई."

उसातून वारा गेला. लालासाहेबांचा आवाज खाली आला. "नाना, चार काठ्या हळू मारायला लावतो. पायाला काय हुनार न्हाई त्येच्या. दोन पोती ज्वारी देतो घरी. न्हाईतर म्हना, कागद नदीत वाहून गेला. कायबी म्हना. म्या दिवाणाकडनं दुसरा मागवतो. पर त्ये... त्ये मानसांम्होरं नगा काढू. मानसं काय म्हनतील मला?"

हरिबाने आयुष्यात पुष्कळ कर्जबुडवे पाहिले होते. दागिने चुलीच्या राखेत पुरून, बायकामुलांच्या आणाभाका घेणारे. त्या सगळ्यांपेक्षा हा माणूस त्याला आवडायचा, आणि आता त्याच्याइतकं कोणी नकोसं झालं नव्हतं.

"मानसं जमलीती?" त्याने विचारलं.

"जमली."

"मग चला."

६

काहील अजून चुलवणावर होती. पाक चढला होता आणि गुळव्या फावडीने तो हलवत होता. पन्नासेक माणसं चिपाडांच्या ढिगांवर बसली होती. धुळा आपणहून पुन्हा खांबाजवळ जाऊन उभा राहिला होता. काठ्या पाण्यात भिजत घातलेल्या होत्या.

"कागद धुळानं घेतला न्हाई," हरिबा म्हणाला. "कागद राहीबाईनं घेतला."

गलका झाला. अर्जुना ताडकन उठला. "नाना, जीभ सांबाळा!"

"बस खाली. आदी ऐक. परवा दिवाणाच्या घरात राहीनं वटी पदरात घेतली न्हाई, दुरडीत घेतली. वटी पदरात घ्यायचा हक्क सवाष्णीचा. काल पाटंला तिनं काळं तीळ मागून घेतलं. उतारावर गुडघाभर पान्यात हुबी ऱ्हाऊन वंजळीतनं, आंगठ्याकडनं पानी सोडलं. सकाळचं ऊन तिच्या डाव्या गालावर हुतं, म्हंजे त्वांड दक्षिणेला हुतं. काळं तीळ, दक्षिण दिशा, आंगठ्याकडनं पानी. त्ये कशाला असतं, तुमास्नी सांगाया नगं."

सांगायला नकोच होतं. पन्नास माणसांतल्या बहुतेकांनी कधी ना कधी आपल्या मेलेल्या माणसाला असंच तर्पण केलं होतं.

"तीळपानी पुरुसानं द्यायचं," एक म्हातारा चाचरत म्हणाला.

"ज्याच्यामागं पुरुस हाय त्याला पुरुस देतो. सयाजीमागं कोन हुतं?"

गुळव्याचा हात थांबला. लालासाहेब जमिनीकडे पाहत होते.

"सयाजी इटलीत पडला," हरिबा पुढे म्हणाला. "त्येचं गाव संस्थानातलं, म्हनून सरकारी पत्र दिवाणाच्या दप्तरी आलं. दिवाणानं त्ये लालासाहेबांस्नी धाडलं. आता दिवाणाचं टपाल लालासाहेबांकडं कुठल्या वाटंनं येतं, त्ये सगळ्यांस्नी म्हाईत हाय. डिसेंबरात ह्या पोरीनं पदर पसरला आन सवतःच्या नवऱ्याच्या मरनाचं पत्र वटीत घिऊन चार कोस गाडीत बसून आली. बापाच्या हातात दिलं. बापानं वाचलं, आन खिशात घातलं."

"कशापायी?" अर्जुना ओरडला. त्याचा राग आता कोणावर काढावा हे त्याला समजत नव्हतं.

"त्ये मला का इचारतोस? रांडमुंड बाईला हळदीकुंकवाला कोन बोलावतं? राही इधवा झाली की वटी बंद, वटी बंद की तह बंद. दिवाणानं आपल्या लेकीचं नांदनं थांबिवलं. ह्येंनी आपल्या लेकीचं रंडकेपन थांबिवलं. दोन बापांनी मिळून असा कारभार केला."

लालासाहेब उठून उभे राहिले.

"नऊ मानसं हायती त्या डोंगरात," ते म्हणाले. "त्येंच्यात अर्जुनाचा भाऊ हाय. तुमच्यातल्या निम्म्यांची पोरं हायती. म्या काय करायला पायजे हुतं? रोज सांगनार हुतो. रोज सकाळी उठून वाटायचं, आज सांगीन. म्हनलं, होळी होऊ द्या. सयाजी काय परत येनार हाय का चार दिस आदी सांगून?"

अर्ध्या माणसांच्या मनात तेच होतं.

"आन धुळा?" हरिबाने विचारलं. "त्येच्या दोन बोटांवर तुमचा गूळ झाला. आता पाय बी पायजेत?"

लालासाहेबांनी कोटाच्या आतल्या खिशात हात घातला. पाकीट घामाने पिवळं पडलेलं होतं, कडा झिजलेल्या. दीड महिना ते त्यांच्या छातीशी होतं. त्यांनी ते लेकीपुढं धरलं.

राहीबाईने ते घेतलं, उघडलं आणि हरिबाकडे दिलं. "इंग्रजी हाय. वाचा."

हरिबाने जमेल तसं वाचलं. कळवण्यास खेद होतो. शिपाई सयाजी. नंबर. नोव्हेंबरची बावीस तारीख. शौर्याने. आठ ओळींत सगळं संपलं होतं आणि खाली कोणा साहेबाची सही होती, ती लागत नव्हती.

"बावीस नोव्हेंबर," राहीबाई म्हणाली. "संक्रांतीला कासारीण आली तवा म्या नव्या बांगड्या भरल्या. आबांनीच सांगितलं, भर म्हनून. हिरव्या भर."

तिने कमरेची चंची सोडली. आतून कुंकवाचा लाकडी करंडा काढला, झाकण उघडलं आणि कुंकू तळहातावर ओतलं. तळाशी घडी केलेला कागद होता. काल अर्जुनाने गाडीची वैरण उपसली होती, धुळाचं पागोटं सोडवून पाहिलं होतं, बैलांच्या झुली फाडल्या होत्या. सवाष्णीच्या करंड्यात बघावं हे कोणालाच सुचलं नव्हतं.

"काठी उचलली असती तर म्या दिला असता," ती धुळाला म्हणाली. "तुला लागू दिलं नसतं, धुळा. आबा काठी उचलू देत्यात का, येवढंच बघायचं हुतं."

धुळाने मान हलवली. "बघितलंत न्हवं, ताईसाब," तो म्हणाला. एवढंच म्हणाला.

अर्जुनाने कागद उघडला. दिवाणाची सही होती. नऊ नावं होती. त्याने भावाचं नाव शोधलं आणि त्याचे खांदे खाली आले. मग त्याने शेवटची ओळ वाचली, आणि वाचलं नसतं तर बरं झालं असतं असा त्याचा चेहरा झाला.

"साहेब," तो हळूच म्हणाला. "दिवाणाला परतीचं उत्तर पायजे. तुमच्या सहीचं. रथसप्तमीच्या आत. न्हाईतर तह मोडला म्हनतोय."

रथसप्तमी चार दिवसांवर होती. संक्रांतीचं हळदीकुंकू त्या दिवशी संपतं.

कोणी तिला विचारलं नाही, विनवलं नाही. फक्त एकेक करून सगळ्यांची मान वळली, आणि पन्नास माणसं राहीबाईच्या कपाळाकडे पाहू लागली. अर्जुना पाहत होता. चिपाडांवरचा म्हातारा पाहत होता. थोड्या वेळाने हरिबाच्या लक्षात आलं की तोही तिथंच पाहतोय. आपण निवाडा करायला आलो होतो ना, असं त्याला वाटलं, आणि तरीही त्याची नजर हलली नाही. नऊ माणसं होती डोंगरात.

राहीबाईने सगळ्यांकडे पाहून घेतलं, शेवटी बापाकडे. लालासाहेबांनी तोंड फिरवलं.

तिच्या तळहातावर करंड्यातलं कुंकू तसंच होतं. तिने अंगठा त्यात बुडवला आणि कपाळावर टेकवला. आरसा नव्हता, तरी टिळा बरोबर मधोमध बसला, सवयीने. उरलेलं कुंकू तिने करंड्यात परत भरलं, एक कणही सांडू न देता, आणि झाकण लावलं. नवऱ्याच्या मरणाचं पत्र तिने चंचीत ठेवलं.

"गूळ जळतोय," ती गुळव्याला म्हणाली. गुळव्या दचकून फावडी हलवू लागला.

मग ती बापापुढं जाऊन उभी राहिली. ते तिच्याकडे बघत नव्हते, तरी तिने पदराची दोन टोकं धरली आणि त्यांच्यासमोर पदर पसरला.

"लिवा उत्तर, आबा," ती म्हणाली. "वटीत मावंल येवढंच लिवा."